समकालीन कलेचं प्रदर्शन पहिल्यांदा पाहायला जाताना

चित्रं-शिल्पं आवडणारी माणसंही समकालीन कलेच्या दालनात शिरली की बिचकतात. कोपऱ्यात खाऊच्या गोळ्यांचा ढीग, भिंतीला चिकटपट्टीने लावलेलं केळं, अंधाऱ्या खोलीत मधूनच सुरू असलेला व्हिडिओ. लगेच मनात येतं, ‘याचा अर्थ काय?’ उत्तर सापडलं नाही की पाय पुढच्या दालनाकडे वळतात. हा प्रश्न रास्त आहे, पण तो फार लवकर विचारला जातो. त्याआधीचे प्रश्न अगदी साधे असतात. हे कशाचं बनवलंय? केवढं आहे? कुठे ठेवलंय? आणि ते पाहताना मला काय करावं लागतंय, वाकावं लागतंय, फिरावं लागतंय की थांबावं लागतंय? या चारही प्रश्नांची उत्तरं तुमचे डोळे देऊ शकतात. त्यासाठी कलेचा इतिहास शिकलेला असावा लागत नाही. प्रदर्शनाला जायची सगळी तयारी करायची ती या चार प्रश्नांसाठी निवांत वेळ मिळावा म्हणून.

जागा आणि वेळ निवडताना

पहिल्या भेटीसाठी माझा आग्रह एकाच कलाकाराच्या, मध्यम आकाराच्या प्रदर्शनाचा असतो. एकाच माणसाची दहा-पंधरा कामं ओळीने पाहिली की पाचव्या कामापर्यंत त्याच्या सवयी कळायला लागतात. कुठला रंग तो टाळतो, कुठली वस्तू पुन्हा पुन्हा आणतो, हे लक्षात येतं. अनेक कलाकारांच्या एकत्रित प्रदर्शनात प्रत्येक भिंतीपाशी नव्याने सुरुवात करावी लागते. व्हेनिसचं द्वैवार्षिक प्रदर्शन (१८९५ पासूनचं) किंवा जर्मनीतल्या कासेलमध्ये दर पाच वर्षांनी शंभर दिवस चालणारं ‘डॉक्युमेंटा’ ही तर शहरभर पसरलेली प्रचंड आयोजनं. ती जरूर पाहावीत, पण नजर थोडी तयार झाल्यावर.

संग्रहालयाकडे सहसा स्वतःचा कायमचा संग्रह असतो आणि शिवाय काही महिन्यांपुरती प्रदर्शनं असतात. दोन्हींचं तिकीट कधी एकच असतं, कधी वेगळं, तेव्हा आधी पाहून घ्या. खाजगी कलादालनं म्हणजे विक्रीची ठिकाणं. पण तिथे बहुधा प्रवेश विनामूल्य असतो आणि आलेला प्रत्येक माणूस खरेदी करेल अशी कुणाची अपेक्षा नसते. टेबलावर कामांची यादी ठेवलेली असते, ती मागून घ्या. एखाद्या कामाशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय असं समजायचं. दारात बिचकून परत फिरणारे लोक मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं, कारण अशा दालनांत गर्दी नसते आणि एखाद्या कामासमोर हवा तितका वेळ उभं राहता येतं.

वेळेचं म्हणाल तर कामाच्या दिवशी, दार उघडल्या उघडल्या जाणं सगळ्यात उत्तम. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, काही मंगळवारी. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात दालनं मांडणीसाठी आठवडा-दोन आठवडे बंद राहतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ बघायला हवं. विनामूल्य दिवस किंवा संध्याकाळ असेल तर पैसे वाचतात, पण गर्दी वाढते. उद्घाटनाच्या संध्याकाळी माणसं भेटतात, कामं मात्र त्यांच्या पाठीमागे झाकलेली राहतात.

आधी किती वाचायचं? एखादा परिच्छेद पुरे. कलाकार कुठला, कधीचा, प्रदर्शनात साधारण काय आहे, एवढंच. कामांचे फोटो मात्र आधी फार पाहू नका. फोटोत आकार कळत नाही, आणि आकाराचा पहिला धक्का एकदाच बसतो.

दारापाशी

पायात रुळलेले जोडे असू द्या, कारण कडक फरशीवर उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त थकवतं. दालनांत तापमान आणि आर्द्रता स्थिर ठेवलेली असते आणि बऱ्याचदा गारवा जाणवतो. सोबत पातळ स्वेटर असावा.

मोठी बॅग, छत्री, पाण्याची बाटली सामानघरात ठेवावी लागते. पाठीवरची सॅक चालत असेल तरी पुढे घ्या, कारण आपल्या पाठीमागे नक्की किती जागा व्यापली जातेय हे आपल्याला कळत नाही. वळताना धक्का लागतो तो सॅकचाच. टिपणं घ्यायला पेन्सिल न्या. अनेक संग्रहालयांत शाईचं पेन वापरू देत नाहीत, कारण शाईचा डाग कागदावरून किंवा कॅनव्हासवरून काढता येत नाही.

फोटोचा नियम प्रदर्शनागणिक बदलतो. संग्रहालयाच्या स्वतःच्या कामांचे फोटो काढू देतात, पण दुसरीकडून काही दिवसांसाठी आणलेल्या कामांना मूळ मालकाची परवानगी नसू शकते. फ्लॅश जवळपास कुठेच चालत नाही.

काही दालनांत शिरताच अंधारल्यासारखं वाटेल. तो दिव्यांतला बिघाड नसतो. कागदावरची चित्रं, जुने फोटो, कापड यांना उजेडाने कायमची इजा होते, म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्स (प्रकाश मोजायचं एकक) इतकाच प्रकाश ठेवतात. तैलचित्रांना त्याच्या तिप्पट-चौपट चालतो. दाराशीच मिनिट-दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात, आणि जे फिकट वाटत होतं त्यात बारकावे दिसायला लागतात.

हात लावायचा नाही हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पण समकालीन कलेत त्याला अपवाद पुष्कळ आहेत आणि नवख्या माणसाचा गोंधळ तिथेच होतो. काही कामांवरून चालायचं असतं, काहींतलं काही उचलून घ्यायचं असतं, काहींत जाऊन बसायचं असतं. नियम मध्येच बदलतोही. २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात आय वेवे या चिनी कलाकाराने चिनी मातीच्या सूर्यफूल-बिया जमिनीवर पसरल्या, तेव्हा सुरुवातीला लोक त्यांवरून चालत होते. काही दिवसांतच तुडवल्या गेलेल्या बियांची धूळ श्वासात जाईल म्हणून ते बंद करावं लागलं. तेव्हा अंदाज बांधू नका, जवळच्या रक्षकाला विचारा. जमिनीवरची रेघ, दोरी, ‘जपून चाला’ची पाटी यांकडेही लक्ष ठेवा. शिल्पकार अनिश कपूर यांच्या ‘डिसेंट इन्टू लिम्बो’ या कामात जमिनीत काळ्या रंगाचा खोल खड्डा आहे आणि तो वरून सपाट काळ्या वर्तुळासारखा दिसतो. २०१८ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात एक प्रेक्षक त्यात पडून जखमी झाला होता.

पहिली फेरी न थांबता

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं नुसतं फिरा. कुठेच फार थांबू नका, पाट्या वाचू नका. कुठल्या कामाकडे नजर परत परत जातेय तेवढं मनात टिपा. मग त्यातली चार-पाच निवडा आणि बाकीची सोडून द्या. सोडणं जड जातं, विशेषतः तिकीट काढलेलं असेल तर. पण सगळं पाहायच्या नादात काय होतं ते बघा: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नावाजलेल्या चित्रांसमोरही प्रेक्षक सरासरी २७ सेकंद थांबत होते. निम्मे तर १७ सेकंदांच्या आतच पुढे गेले.

थकवाही खरा असतो. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच या थकव्यावर लेख लिहिला होता. कपाटांतल्या वस्तू बघायला माणसाला किती वाकावं, मान वळवावी लागते याचे फोटोच त्यांनी त्यात दिले. दीड तासानंतर डोळे उघडे असतात, पण पाहणं थांबलेलं असतं. पाऊण तास झाला की बाकावर बसा. बाक बहुधा एखाद्या महत्त्वाच्या कामासमोर असतो, हा एक फायदाच.

एका कामासमोर

निवडलेल्या कामाकडे परत या आणि पाटी वाचण्याआधी किमान तीन-चार मिनिटं द्या. आधी लांबून पाहा, मग परवानगी असेल तितकं जवळ जा, मग बाजूने पाहा. शिल्प असेल तर पूर्ण फेरी मारा. मग मनातल्या मनात, किंवा सोबत कुणी असेल तर हळू आवाजात, दिसतंय ते फक्त सांगा: ‘गोळ्या आहेत. रंगीत चमकदार कागदात गुंडाळलेल्या. कोपऱ्यात ढीग केलाय. माझ्या कमरेपर्यंत येत नाही.’ बालिश वाटेल, पण याच्यासारखी दुसरी पद्धत मला माहीत नाही.

हा ढीग खरोखरच आहे. फेलिक्स गोन्झालेस-टोरेस या कलाकाराचं हे १९९१ चं काम. नाव ‘अनटायटल्ड’ आणि पुढे कंसात ‘लॉस एंजेलिसमधल्या रॉसचं व्यक्तिचित्र’. ढिगाचं ठरवलेलं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. आता चार प्रश्न लावून पाहा. कशाचं? गोळ्यांचं. केवढं? एका धडधाकट माणसाच्या वजनाइतकं. कुठे? जमिनीवर, कोपऱ्यात. मला काय करायचंय? यातली एक गोळी उचलायला मुभा आहे. प्रत्येक प्रेक्षक एकेक घेतो आणि ‘व्यक्तिचित्रा’चं वजन घटत जातं. रॉस हा कलाकाराचा जोडीदार, तो १९९१ मध्ये एड्सने गेला. आजारात माणूस कसा झिजतो हे इथे रंगवून दाखवलेलं नाही, ते प्रेक्षकांच्या हातून घडतं. आणि संग्रहालय ढीग पुन्हा भरू शकतं, या गोष्टीलाही अर्थ येतो. रॉसची माहिती पाटीवर किंवा पुस्तिकेत मिळते, पण वजन, झिजणं आणि गोळी हातात घेतानाचा संकोच हे सगळं तुम्हाला त्याआधीच मिळालेलं असतं. मी हेच उदाहरण लोकांना सगळ्यात आधी सांगतो, कारण कलाकृती कशाची बनलीय यातूनच अर्थाचा रस्ता जातो हे त्यात लख्ख दिसतं.

आय वेवे यांच्या त्या बियांचंही तसंच. लांबून राखाडी जमीन दिसते. जवळ गेल्यावर एकेक बी वेगळी आणि हाताने रंगवलेली दिसते. संख्या सुमारे दहा कोटी, सगळ्या जिंगदेझेन या चिनी मातीच्या कामासाठी शतकानुशतकं प्रसिद्ध असलेल्या शहरातल्या कारागिरांनी केलेल्या. माओच्या काळातल्या प्रचारचित्रांत माओ सूर्य आणि जनता त्याच्याकडे वळलेली सूर्यफुलं असत, हे नंतर वाचलं की ‘गर्दी आणि त्यातला एकेक’ ही डोळ्यांना आधीच जाणवलेली गोष्ट आणखी खोल जाते.

अमूर्त चित्रांसमोर काय करायचं? तिथे ओळखायला काही नसतं, म्हणून अनेकांना रिकामं वाटतं. नसरीन मोहम्मदी (१९३७–१९९०) यांची पेन्सिल आणि शाईने काढलेली रेखाचित्रं कुठे पाहायला मिळाली तर सोडू नका. त्यांच्या कामांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. तेव्हा फक्त पाहायचं. एक रेघ धरा आणि ती जाईल तिथे नजरेने जा. कुठे ती दाट झालीय, कुठे तुटलीय, कुठे दोन रेघांमधलं अंतर किंचित बदललंय ते टिपा. थोड्या वेळाने कागद सपाट वाटेनासा होतो. झरीना हाश्मी यांच्या १९९९ च्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या ३६ काष्ठठशांच्या (लाकडावर कोरून कागदावर उमटवलेल्या चित्रांच्या) मालिकेतही उंबरा, दार यांसारख्या एकेका उर्दू शब्दाला मोजक्या रेषांची जोड आहे. तिथे एकेक ठसा घाईने ओलांडला तर हाती काहीच लागत नाही.

आता पाटी

पाटीवर कलाकाराचं नाव, जन्मवर्ष, कामाचं नाव, वर्ष, साहित्य, मापं आणि ते कुठून आलं हे असतं. साहित्याची ओळ नीट वाचा, माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. मापं सहसा आधी उंची, मग रुंदी, मग खोली या क्रमाने देतात. ‘मापं बदलती’ असं लिहिलं असेल तर काम प्रत्येक जागेनुसार नव्याने मांडलं जातं. व्हिडिओ किंवा मुद्राचित्राच्या (ठशावरून छापलेल्या चित्राच्या) पाटीवर ‘२/५’ असं दिसलं तर पाच प्रतींमधली ही दुसरी. शेवटचा संग्रह-क्रमांक बऱ्याच ठिकाणी ज्या वर्षी काम संग्रहात आलं त्या वर्षाने सुरू होतो. काम कधी झालं आणि संग्रहालयाने ते कधी घेतलं यातलं अंतर बघणं मला फार आवडतं, कारण कुणाकडे किती उशिरा लक्ष गेलं ते त्यातून कळतं.

भिंतीवरचा मोठा मजकूर क्युरेटरने, म्हणजे प्रदर्शनातली कामं निवडून मांडणाऱ्याने, लिहिलेला असतो. तो कधी जड, कधी अनाकलनीय असतो. एकदा वाचून कळला नाही तर सोडून द्या. दोष तुमचा असेलच असं नाही.

‘हे तर मीही केलं असतं’

हे वाक्य मनात येणारच, आणि आलं तर दाबू नका. त्याच्याकडे गंभीरपणे पाहा. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी दुकानातून आणलेलं मुताऱ्यांतलं भांडं ‘आर. मट’ अशी सही करून पाठवलं. मूळ भांडं हरवलं, आज संग्रहालयांत दिसतात त्या बहुतांशी १९६४ मध्ये केलेल्या प्रतिकृती. हातांचं कौशल्य त्यात शोधाल तर नाही. त्याने विचारलेला प्रश्न मात्र खरा होता: कला कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं? जोसेफ कोसुथच्या १९६५ च्या कामात एक खुर्ची, त्याच खुर्चीचा फोटो आणि शब्दकोशातली ‘खुर्ची’ची व्याख्या शेजारी शेजारी असते. मौरित्सिओ कातेलानचं चिकटपट्टीचं केळं (२०१९) सडलं की बदलतात. विकत घेणाऱ्याला मिळतं ते प्रमाणपत्र आणि मांडणीच्या सूचना. अशा कामांपुढे ‘किती कठीण होतं’ यापेक्षा ‘कुठे आणि कधी मांडलं’ हे विचारलं तर काहीतरी हाती लागतं.

तरीही काम आवडलं नाही तर नाही आवडलं. मलाही प्रसिद्ध कामांपैकी कित्येक पोकळ वाटतात. फक्त नावड नेमकी करा: काय खटकलं, आकार, ढोबळपणा, की तोच मुद्दा शंभरदा ऐकलाय म्हणून? नेमकी नावड ही पाहण्याचीच खूण.

व्हिडिओ, आरसे आणि माणसं

व्हिडिओची लांबी पाटीवर असते. तो फिरून फिरून चालतो, म्हणून मध्येच शिरायला हरकत नाही. तुम्ही आलात ते दृश्य परत येईपर्यंत बसा. आठ-दहा मिनिटांचा असेल तर पूर्ण पाहा. तासाभराचा असेल तर निदान पंधरा मिनिटं द्यायची की नाही हे आत शिरतानाच ठरवा. क्रिश्चियन मार्क्लेचं ‘द क्लॉक’ (२०१०) तर २४ तासांचं आहे. त्यात चित्रपटांतली घड्याळं आणि वेळेचे उल्लेख अशा रीतीने जोडलेत की पडद्यावरची वेळ तुमच्या मनगटावरच्या वेळेशी जुळते. ते पूर्ण पाहायची गरज नाही, सकाळी आणि रात्री वेगवेगळं पाहिलं तर जास्त मजा. अंधाऱ्या खोलीत भिंतीच्या कडेने चला आणि फोनचा उजेड बंद ठेवा.

मांडणशिल्पांत कामाच्या आत उभं राहायचं असतं. नलिनी मलानी यांच्या ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ (२०१२) मध्ये रंगवलेली पारदर्शक नळकांडी छताखाली फिरत राहतात आणि त्यांच्या सावल्या व्हिडिओच्या प्रतिमांमध्ये मिसळत भिंतींवरून सरकतात. अशा ठिकाणी एकदा मधोमध आणि एकदा भिंतीला पाठ लावल्यासारखं कडेला उभं राहून पाहा, पण भिंतीला टेकू नका. यायोई कुसामाच्या आरशांच्या खोल्यांत मात्र गर्दीमुळे मोजके क्षणच मिळतात. फोन बाहेरच खिशात टाका, नाहीतर तो सगळा वेळ फोटोत जातो.

परफॉर्मन्समध्ये माणूसच कलाकृती असतो. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मरिना अब्रामोविच टेबलापाशी निःशब्द बसून असे आणि प्रेक्षक एकेक करून समोर येऊन बसत. अशा वेळी सहभाग ऐच्छिक असतो. नुसतं बाजूला उभं राहून पाहणंही पुरेसं. टिनो सेगलसारखा कलाकार आपल्या कामाचे फोटो किंवा चित्रीकरण होऊ देत नाही, ती अट पाळा.

विचारा

दालनातले रक्षक रोज आठ-आठ तास त्या कामांसोबत असतात. ‘लोक इथे जास्त कुठे थांबतात?’ असं विचारा, उत्तर बहुधा चांगलं मिळतं. मार्गदर्शकासोबतची फेरी असेल तर ती आपली पहिली फेरी झाल्यावर घ्या, म्हणजे स्वतःचे प्रश्न घेऊन जाता येतं. सोबत मुलं असतील तर पाऊण तासाच्या वर ताणू नका आणि काम त्यांना निवडू द्या. मोठी माणसं सोबत असतील तर आत वेगवेगळं फिरा आणि शेवटी प्रत्येकाने एकेका कामापाशी बाकीच्यांना न्यावं.

बाहेर पडण्याआधी

वहीत चार-पाच कामांची नोंद करा: कलाकार, वर्ष, साहित्य आणि स्वतःचं एक वाक्य. पाटीचा फोटो काढला की काम लक्षात राहील असं वाटतं, पण राहतं ते स्वतः लिहिलेलं वाक्य. कॅटलॉग लगेच घेऊ नका. घरी गेल्यावर ज्या कामाची आठवण सारखी येतेय, त्याच कलाकाराबद्दल वाचा.

शहरात कायमचा संग्रह असलेलं संग्रहालय असेल आणि वर्षातून तीन-चारदा जाणं होणार असेल, तर वार्षिक सभासदत्वाची चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी एवढ्या भेटींत त्याचे पैसे वसूल होतात. तिकिटाचा हिशेब सुटला की एका दुपारी अर्ध्या तासासाठी, एकाच कामाकडे जाऊन परत येता येतं.